लग्नाच्या पाहुण्यांसाठी 'पुणे पत्रक': ठिकाणं नाही, वेळ विका



आजच्या व्हिडिओत आपण लग्नसराईतल्या एका छोट्या सेवेबद्दल बोललो: बाहेरगावच्या पाहुण्यांना 'कुठे फिरायचं, काय खायचं' हे सांगणारं पत्रक. व्हिडिओत नमुना आणि हिशोब राहून गेला, तो इथे देतेय. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझी चूक

कोथरूडमध्ये माझं लग्नपत्रिका आणि आहेराच्या पिशव्यांचं दुकान आहे. सुरुवातीला मी मोठ्या ऑर्डरवर एक पत्रक फुकट द्यायचे: 'पुण्यातली 25 प्रेक्षणीय स्थळं'. इंटरनेटवरून उतरवलेलं, रंगीत, गुळगुळीत कागदावर. मला वाटायचं, ग्राहक खूश.

डिसेंबरातला रविवार. एका काकूंच्या मुलीचं लग्न, संध्याकाळचा गोरज मुहूर्त. नवरीचे मोठे मामा आदल्या दिवशीच आले होते. सकाळी मोकळे होते, पत्रकात सिंहगड दिसला, गाडी काढून निघाले. कोथरूडहून पंचवीस-तीस किलोमीटर, त्यात काय! पण रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, हे माझ्या पत्रकात नव्हतं. मुलीला मांडवात आणायची वेळ झाली तेव्हा मामा परतीच्या रस्त्यात अडकलेले. शेवटी धाकट्या मामांनी वेळ निभावली. मोठे मामा पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

चार दिवसांनी काकू दुकानात आल्या. ओरडल्या नाहीत. पत्रक काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं, जायला-यायला किती वेळ लागतो, ते यात कुठे लिहिलंय?"

बीबीएच्या तीन वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या एका प्रश्नाने शिरलं. ठिकाणांची यादी मोबाईलवर फुकट मिळते. पाहुण्याला हवी असते ती खात्री: मी जाऊन वेळेत परत येईन का?

धडा 1: मोकळ्या वेळेप्रमाणे मांडणी करा

आधी यजमानांकडून कार्यक्रमपत्रिका घ्या. सीमांतपूजन, हळद, मुहूर्त, जेवण यांच्या मधल्या मोकळ्या जागा शोधा. माझ्या पत्रकात आता तीनच रकाने असतात.

*दोन तास असतील तर:* जवळच राहा. कर्वे रोडला दशभुजा गणपती आणि मृत्युंजयेश्वर. थोडं पुढे जायचं असेल तर वनाझहून मेट्रोने छत्रपती संभाजी उद्यान स्टेशन, तिथून जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. आठव्या शतकातलं, खडकात कोरलेलं लेणं. भर शहरात असूनही शांत.

*अर्धा दिवस असेल तर:* वनाझहून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्टेशन, तिथे गाडी बदलून कसबा पेठ. कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा, दगडूशेठ गणपती हे सगळं चालत होतं. पुढे तुळशीबागेत खरेदी करा आणि मंडई स्टेशनवरून परत या. गाडी लावायची कटकट नाही. ऊन जास्त असेल तर शनिवारवाड्याऐवजी राजा दिनकर केळकर संग्रहालय: जुने दिवे, अडकित्ते, वाद्यं. आजी-आजोबा तिथे रमतात.

*पूर्ण दिवस असेल तर:* सिंहगड. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी लवकर निघून. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन दुपारपर्यंत खाली. आणि ठळक अक्षरात: मुहूर्ताच्या दिवशी सिंहगड नाही.

धडा 2: प्रत्येक ठिकाणाखाली एक खरी ओळ

शनिवारवाड्याखाली मी लिहिते: 'आतला वाडा 1828 च्या आगीत जळाला. आता तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि जोती बघायला मिळतात.' याने गिऱ्हाईक कमी होत नाही. उलट पाहुणा तयारीने जातो आणि 'आत काहीच नाही' म्हणत वैतागून येत नाही. तसंच पर्वतीखाली: 'शंभरावर पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर टाळा.'

धडा 3: खाण्याचं सांगताना हॉलवरचं जेवण विसरू नका

पाहुणे दोन वेळा पंगतीत भरपेट जेवणारच आहेत. त्यांना तिसरी थाळी सुचवून काय उपयोग? म्हणून नाश्ता आणि मधल्या वेळचं खाणं सांगा. डेक्कनला गुडलकचा बन मस्का आणि चहा, फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीचा डोसा (रविवारी रांग असते, हेही लिहा), सकाळी मिसळ, संध्याकाळी मस्तानी. घरी न्यायला बाकरवडी. नागपूर-कोल्हापूरकडच्या मंडळींना आधीच सांगा की पुण्याची मिसळ तुमच्या मानाने गोडसर वाटू शकते!

आणि हो, 'दुपारी एक ते चार' हा विनोद असला तरी पेठांमधली काही जुनी दुकानं आजही दुपारी बंद असतात. छपाईला देण्याआधी प्रत्येक ठिकाणी फोन करा. वेळ, साप्ताहिक सुट्टी, तिकीट. जिथे स्वतः खाल्लं नाही, ते नाव पत्रकात नाही.

धडा 4: हिशोब

100 पत्रकांचं माझ्या दुकानाचं गणित असं:

- छपाई: 700 रुपये
- फोन आणि एक फेरी: 200 रुपये
- माझे दोन तास: 500 रुपये
- एकूण खर्च: 1,400 रुपये
- ग्राहकाला किंमत: 2,200 रुपये

म्हणजे 800 रुपये नफा. स्वतःच्या वेळेचे पैसे धरलेत हे बघा. बहुतेक जण तिथेच चुकतात. तुमच्या गावात छपाईचा दर वेगळा असेल, तो विचारून मांडा.

एका हॉटेलवाल्याने मला पाहुण्यांच्या बिलावर कमिशन देऊ केलं होतं. मी नाही म्हटलं. एकदा पैसे घेतले की खाणं बिघडलं तरी नाव काढता येत नाही. मग पत्रक म्हणजे जाहिरात, आणि जाहिरातीचे 2,200 रुपये कोण देईल?

या आठवड्याचा गृहपाठ

1. तुमच्या गावातलं एक मंगल कार्यालय निवडा. तिथून तीन ठिकाणी रविवारी स्वतः जाऊन या. घड्याळ लावून वेळ लिहा.
2. वयस्कर माणूस, लहान मूल आणि उपवास असलेली व्यक्ती, या तिघांसाठी एकेक सूचना लिहा.
3. सहापेक्षा जास्त नावं झाली तर कापा.

आणि त्या काकू? या वर्षी मुलाच्या लग्नाच्या पत्रिका छापायला पुन्हा माझ्याकडेच आल्या. पत्रक पैसे देऊन घेतलं. फक्त सगळ्यात वर एक ओळ त्यांनी स्वतः सांगून घालून घेतली: 'सर्व मामांनी दुपारी 3 वाजता हॉलवर हजर राहावे.'

भेटू पुढच्या धड्यात!