जुनी चीर आणि मलम

इथे मॉरिसव्हिलला आपली वडीलधारी माणसे शौचाला रक्त दिसले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून गप्प बसतात. काचेने कापल्यासारखी कळ येत असेल, तर बहुधा गुदद्वाराला चीर असते. सहा आठवड्यांत भरली नाही तर ती जुनी समजावी. आतला स्नायू आवळून राहतो, रक्त कमी पोचते, म्हणून ती भरत नाही.

स्नायू सैल व्हावा म्हणून डॉक्टर डिल्टियाझेमचे 2 टक्के मलम देतात. दिवसातून दोनदा, कळ थांबली तरी सहा ते आठ आठवडे लावावे. नायट्रोग्लिसरीनच्या 0.4 टक्के मलमाने डोके दुखते, चक्कर येते. बोटमोजा घालून लावा, सावकाश उठा. सिल्डेनाफिल घेणाऱ्यांनी ते मुळीच लावू नये, रक्तदाब एकदम उतरतो.

रक्त मात्र डॉक्टरांना दाखवाच. आपल्या वयात कर्करोग नाही ना, हे पाहावे लागते. लाजू नका.