सौर इन्व्हर्टर : आधी गच्चीची पाहणी, मग खरेदी

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत २०२४ साली गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वीजवापरासाठी दर किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील अनेक संस्थांपुढे त्यामुळे इन्व्हर्टरच्या निवडीचा प्रश्न उभा राहिला आहे. पॅनेलमधून मिळणाऱ्या दिष्ट प्रवाहाचे २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणे, हे इन्व्हर्टरचे कार्य होय. तो कोणता घ्यावा, हे किमतीपेक्षा जागेवरून ठरवणे श्रेयस्कर.

सावली : या भागात डिसेंबरच्या उत्तरार्धात भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो. म्हणजे दहा फूट उंच टाकीची सावली उत्तरेकडे नऊ फुटांहून अधिक लांब पडते. सकाळ-संध्याकाळी ती याहून लांबते. माळेने जोडलेल्या पॅनेलमधून एकच प्रवाह वाहत असल्याने एकावरील सावलीचा फटका साऱ्या माळेला बसू शकतो. गच्ची मोकळी असेल, तर माळेचा साधा इन्व्हर्टर पुरेसा व स्वस्त ठरतो. पत्र्याच्या छपराच्या दोन उतारांवर पॅनेल बसवायची असल्यास प्रत्येक उताराच्या माळेसाठी स्वतंत्र नियंत्रणमार्ग असलेला इन्व्हर्टर हवा. शेजारच्या उंच इमारतींची सावली जागोजागी पडत असेल, तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र सूक्ष्म इन्व्हर्टर लावावा; खर्च अधिक, पण हानी कमी.

ऊन, पाऊस व पूर : अतिउष्णतेत इन्व्हर्टर आपले उत्पादन आपोआप घटवतो. म्हणून तो सावलीतील हवेशीर भिंतीवर बसवावा. उघड्यावर बसवायचा झाल्यास त्यावर आयपी ६५ ही धूळ व पाणी यांपासून संरक्षणाची खूण पाहावी. २६ जुलै २००५ च्या महापुराचा अनुभव घेतलेल्या कल्याणच्या सखल भागात तो तळमजल्यावर बसवू नये. डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांलगत गंजरोधक आवरणाची चौकशी करावी.

वीज गेल्यावर : येथेच अनेकांची निराशा होते. केवळ वाहिनीला जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच, भर उन्हातही, बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवासाठी ही व्यवस्था अनिवार्य आहे. अशा वेळी लिफ्ट वा पंप चालू राहणे आवश्यक असेल, तर बॅटरीसह चालणारा संकरित इन्व्हर्टरच घ्यावा व त्याची क्षमता मोटर सुरू होतानाचा वाढीव भार धरून ठरवावी.

तात्पर्य, संस्थेच्या कार्यकारिणीने दरपत्रके मागवण्यापूर्वी हिवाळ्यातील एका दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा व तीन वाजता गच्चीवरील सावल्या खडूने आखून घ्याव्यात. त्या रेषाच योग्य इन्व्हर्टरचा मार्ग दाखवतील.