ऊषर, चोपण, खारपाण : खाऱ्या भूमीची नावे आणि त्यांचा अर्थविचार

रायपूरच्या गोल बाजारात मराठी कुटुंबे पापडखार मागतात तेव्हा दुकानदाराला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या गावात मराठीचा वावर आहे. परंतु त्याच बाजारात, त्याच दुकानाच्या पायरीवर, मराठी कानाची एक फसगत होते. गावाकडून आलेल्या एका वृद्ध गिऱ्हाईकाने आपल्या मुलाविषयी "खार डहर गे हे" असे सांगितले, तेव्हा प्रस्तुत लेखकाला क्षणभर वाटले की बिचाऱ्याची जमीन खारवलेली असावी. वस्तुतः छत्तीसगढीत 'खार' म्हणजे गावाबाहेरचे शेतशिवार. 'खेत-खार' हा तेथील रोजच्या वापरातला जोडशब्द आहे. मुलगा शेताकडे गेला होता, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. रायपूरजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव 'खारून'. तिचे पाणी मात्र गोडे आहे, आणि केवळ ध्वनिसाम्यावरून तिच्या नावाची व्युत्पत्ती लावण्याचा मोह आवरलेला बरा.

या लहानशा फसगतीतून एक मोठा प्रश्न उभा राहतो. छत्तीसगढी शेतकरी कन्हार, मटासी, डोरसा, भाठा अशी मातीची नावे बारकाईने वापरतो. त्यांत नापीक जमिनीसाठी 'भाठा' आहे. पण भाठ्याचा नापीकपणा मुरमाड, उथळ जमिनीचा असतो, क्षारांचा नव्हे. महानदीच्या या खोऱ्यात वर्षाकाठी बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो विरघळणारे क्षार धुऊन नेतो. जेथे खारी जमीन हा नित्याचा अनुभव नाही, तेथे तिच्यासाठी शब्दांची रासही जमत नाही. मराठीत मात्र ती जमली आहे. ही रास हिंदीत नेताना आपले अनुवादक 'ऊसर' या एकाच शब्दाच्या पोत्यात भरतात. त्याने नेमके काय हरवते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम 'ऊसर'च्या मूळ शब्दाकडे वळू. पाणिनीने 'ऊषर' हा शब्द 'ऊष' या शब्दाला मत्वर्थीय 'र' प्रत्यय लावून सिद्ध केला आहे (५.२.१०७). 'ऊष' म्हणजे खारी माती; 'ऊषर' म्हणजे जिच्यात ती आहे अशी भूमी. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने हा शब्द 'असण्या'चा आहे, 'नसण्या'चा नाही. शतपथ ब्राह्मणात अग्न्याधेयासाठी जे संभार गोळा करावयाचे त्यांत जल व सुवर्ण यांच्याबरोबर ऊषही आहे, आणि ऊषाचे तादात्म्य पशुधनाशी जोडलेले आहे. गुरे खारी माती आवडीने चाटतात हे पाहिलेल्या समाजाला ही कल्पना दूरची वाटली नसणार. पुढे मात्र या शब्दावर वांझपणाचा शिक्का बसला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात अपात्र शिष्याला विद्या देऊ नये हे सांगताना खाऱ्या भूमीत पेरलेल्या बीजाची उपमा येते. तिसऱ्या अध्यायात अपात्राला दिलेल्या हविर्द्रव्यासाठी 'इरिण' शब्दाने तीच उपमा पुन्हा येते. गमतीचा भाग असा की याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात रेशमी व लोकरी वस्त्रांची शुद्धी ऊषाने करावी असे सांगितले आहे. एकाच ग्रंथात जी माती वस्त्र शुद्ध करते, तीच शिष्याच्या अपात्रतेचे प्रतीक होते. साहित्यपरंपरेने यांतील दुसरा अर्थ उचलला. पहिला परिटांकडे आणि पापड करणाऱ्या बायकांकडे राहिला.

'इरिण' शब्दाचा प्रवास याहून लांबचा आहे. ऋग्वेदातील अक्षसूक्तात तो फासे खेळण्याच्या भूमीसाठी येतो. नंतर त्याला ओसाड, खारट जमीन हा अर्थ प्राप्त झाला. कच्छच्या 'रणा'चे नाव अभ्यासक याच शब्दाशी जोडतात, आणि 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्या भागासाठी आलेले 'एइरिनोन' हे नाव त्याला दुजोरा देते. नदीमुखाचा गाळ, समुद्राचे पाणी आणि कोरडी हवा या तिघांनी घडविलेल्या वाळवंटी भूमीला तो शब्द चपखल बसला.

आता मराठीकडे येऊ. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहणारी पूर्णा ही तापीची उपनदी. उत्तरेस गाविलगडचे डोंगर, दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगा, आणि मध्ये नदीने युगानुयुगे भरलेला खोल गाळ. या पट्ट्याला वऱ्हाडात 'खारपाणपट्टा' म्हणतात. त्याचा विस्तार सुमारे पावणेपाच लाख हेक्टर सांगितला जातो. या नावात एक सूक्ष्मता आहे. शेतकऱ्याने येथे मातीला खारी म्हटलेले नाही, पाण्याला म्हटले आहे. वरून पाहावे तर जमीन काळी, खोल, कपाशीला योग्य. पांढरा थर बहुधा दिसत नाही. विहीर खणली की खारेपण हाती लागते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील संशोधकांनी या जमिनींचा जो अभ्यास केला आहे तो या नावाशी जुळतो. निमशुष्क हवेत मातीतील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने साकळतो, त्यामुळे चिकणमातीच्या कणांवर सोडियमचे प्रमाण वाढत जाते, आणि ही वाढ वरच्या थरापेक्षा खालच्या थरांत अधिक असते. दोष पोटात आहे. अशा जमिनीत पावसाचे पाणी मुरत नाही, आणि विहिरीचे पाणी द्यावे तर तेच अपाय करते. गाडगेबाबांचे बालपण याच पूर्णाकाठी, दापुऱ्याला, मामाच्या घरी शेतात राबण्यात गेले. परीट घराण्यातील या पुरुषाची भूमी खाऱ्या पाण्याची असावी, हा योगायोगच. त्यावरून काही सिद्ध करावयाचे नाही.

'चोपण' हा शब्द निराळ्या जातीचा आहे. तो कानी पडताच मराठी माणसाला 'चोपणे' ही क्रिया आठवते : अंगण किंवा ओटा ओला करून ठोकून ठोकून घट्ट करणे. व्युत्पत्ती हीच आहे असा आग्रह मी धरीत नाही. पण ज्या शेतकऱ्याने हा शब्द वापरला त्याच्या मनात हे चित्र असल्यास ते शास्त्राला धरून आहे. सोडियमचे प्रमाण वाढले की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात पसरतात आणि मातीची छिद्रे बुजवितात. ओली असताना चिखल, वाळली की ठोकल्यासारखी टणक. केवळ खारवट जमिनीत असे होत नाही. तेथे क्षार भरपूर असतात, परंतु त्यांच्यामुळेच कण गोळा होऊन राहतात आणि माती भुसभुशीत असते. अमेरिकेतील क्षारता प्रयोगशाळेने 1954 साली जी वर्गवारी रूढ केली तिच्यात हाच भेद आकड्यांनी मांडला आहे : संपृक्त अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला 4 डेसीसायमनहून अधिक असली तर जमीन क्षारयुक्त, विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांहून अधिक आणि सामू साधारणतः 8.5च्या वर असला तर ती चोपण. दोन्ही लक्षणे एकत्र असलेला तिसरा वर्गही आहे. वऱ्हाडातील काळ्या मातीत मात्र सोडियम याहून पुष्कळ कमी असतानाही अपाय दिसतो, असे आपल्याकडील संशोधकांचे मत आहे. आकडा परदेशी, माती आपली.

हा भेद केवळ पंडिती नाही. खारवट जमीन चांगल्या पाण्याने धुतली आणि निचरा केला तर सुधारते. चोपण जमीन तशीच धुतली तर उरलेसुरले क्षार निघून जातात, कण अधिकच पसरतात, आणि जमीन पूर्वीहून वाईट होते. तिला आधी जिप्सम द्यावे लागते, म्हणजे सोडियमची जागा कॅल्शियम घेतो. चुकीच्या नावाने चुकीचा उपाय होतो आणि एका कुटुंबाचे शेत जाते. रशियन मृदाशास्त्रज्ञांनी हे ओळखून आपल्या खेडुतांचेच 'सोलोनचाक' आणि 'सोलोनेट्स' हे दोन शब्द शास्त्रात घेतले; आज जगभर तेच चालतात. मराठी कृषी-लेखनानेही 'चोपण' शब्द परिभाषेत घेतला, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. साहित्यसमीक्षेला तो अजून पोहोचलेला दिसत नाही.

कृष्णाकाठी, सांगली-कोल्हापूरकडे, आणखी दोन शब्द भेटतात : 'मीठफुटी' आणि 'क्षारपड'. मराठीत पालवी फुटते, पान्हा फुटतो, अंकुर फुटतो. उगवण्याच्या, वात्सल्याच्या या क्रियापदाला येथे 'मीठ' हा कर्ता मिळाला आहे. पेरले काही, फुटले मीठ. मनूच्या उपमेतील भूमी मुळातच वांझ आहे. मीठफुटीची भूमी तशी नाही. तिच्यात हे घडले आहे. ते कसे घडले याची नोंदही जुनी आहे. नीरा नदीच्या डाव्या कालव्याचे पाणी 1885च्या सुमारास सुरू झाले, ऊस आला, भूजल वर चढले. त्यातील क्षार केशाकर्षणाने पृष्ठभागी आले आणि पाणी उडून गेल्यावर तेथेच राहिले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मॅन यांनी ताम्हणे यांच्यासह 1910 साली नीरा खोऱ्यातील या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पंचवीस वर्षांत काळी जमीन पांढरी पडली होती.

'काळी पांढरी पडली' हे मराठीत साधे रंगवर्णन नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या ग्रंथामुळे अभ्यासकांना परिचित असलेली जोडी अशी की 'काळी' म्हणजे कसण्याची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण. पांढरीवर घर, काळीत पीक. पांढरीची माती खत म्हणून काळीत नेण्याचीही रीत होती. मीठफुटीने ही व्यवस्थाच उलटते : काळी पांढरी होते, पण तिच्यावर घर नसते. अक्कादी भाषेतील 'अत्रहासिस' काव्यात देवाने धाडलेल्या दुष्काळाच्या वर्णनात काळी शेते पांढरी पडल्याचा उल्लेख आहे. युफ्रेटिस-तैग्रिसच्या पूरमैदानात गहू मागे पडून क्षार सोसणारे सातू कसे पुढे आले, हे जेकबसेन आणि अ‍ॅडम्स यांनी 1958 साली मांडले. तेथे दोष देवाचा; 'क्षारपड' या शब्दात तो कोणाचाच नाही. 'पड' म्हणजे पडीक, कसणे सोडलेली. पाणी कोणी किती दिले, निचरा का झाला नाही, हे त्या शब्दात येत नाही. सरकारी कागदाला तो सोयीचा आहे, ते यामुळेच की काय.

या सर्वांच्या विरुद्ध टोकाला कोकण-गोव्यातील 'खाजण' उभे आहे. खाड्यांकाठच्या या जमिनी बांध घालून, 'मानस' नावाच्या दारांनी भरती अडवून शतकानुशतके पिकविल्या गेल्या. 'कोरगुट' हे खारे पाणी सोसणारे भात त्यांचेच. येथे खारेपण हा शाप नाही, गावकीने सांभाळण्याचा व्यवहार आहे. 'खाजण'चा अनुवाद 'ऊसर' करणे म्हणजे पिकत्या शेताला वांझ म्हणणे होय. असा अनुवाद एका कार्यशाळेत माझ्या पाहण्यात आला आहे.

हिंदीत पर्याय नाहीत असे नाही. रेह, कल्लर हे शब्द उत्तरेच्या मैदानात जिवंत आहेत. 'मीठफुटी'साठी 'रेह फूटना' अथवा 'रेह चढ़ना' अशी रचना 'ऊसर होना'पेक्षा कितीतरी जवळची ठरेल, आणि 'चोपण' तर तसाच ठेवून पहिल्या वापरात संदर्भाने उलगडावा. 'खारपाण' हिंदीभाषकाला न सांगता कळतो. छत्तीसगढीत मात्र अडचण आहे. तेथे 'नून' आहे, 'भुइयाँ' आहे, त्यांच्या आधारे मीठफुटी सांगता येईल. परंतु मराठी कथेतला शेतकरी "आमचा खार" म्हणू लागला तर गोल बाजारातला तो वृद्ध गिऱ्हाईक त्याला पिकत्या शिवाराचा धनीच समजेल.