अगत्तीला निघालेल्या भाचीस

यशवंतपूर, बंगळूर

चि. सायलीस,


अगत्तीचं विमानाचं तिकीट झालं, लक्षद्वीपचा परवानाही आला, असं ताईचा फोन आला तेव्हा कळलं. बरं वाटलं. कासवांबरोबरचे फोटो पाठवणार आहेस असंही ती म्हणाली, आणि या पत्राचं कारण तेच आहे.

तुला तिथे दिसतील ती बहुतेक हिरवी कासवं. वेळासला आपण ज्यांची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिली ती ऑलिव्ह रिडले, वेगळी जात. हिरवं कासव मोठं झालं की मुख्यतः गवत आणि शेवाळावर जगतं. लक्षद्वीपच्या लगूनमध्ये समुद्रगवताची कुरणं आहेत, त्यासाठी ती तिथे येतात. म्हणजे तू पाण्यात उतरशील तेव्हा बहुधा त्यांची पंगत बसलेली असेल.

चरता चरता दर काही मिनिटांनी कासवाला वर यावं लागतं. त्याला कल्ले नसतात, आपल्यासारखीच फुप्फुसं. डोकं बाहेर काढलं, श्वास सोडला, घेतला, की पुन्हा खाली. निवांत झोपलेलं कासव तासन्‌तास तळाशी राहू शकतं. पण पाठीमागे कुणी लागलं तर साठवलेला प्राणवायू भराभर संपतो. स्नॉर्केल लावलेला माणूस पाण्याच्या पृष्ठभागावरच तरंगतो, नेमका कासवाच्या वाटेत. तशी पाच-सहा माणसं गोल करून कॅमेरे रोखून वर थांबली, तर त्याने यायचं कुठून? म्हणून त्याच्या डोक्यावर कधी जाऊ नकोस. समोरून किंवा मागूनही नको. बाजूला, निदान तीन मीटरवर थांब आणि हातपाय न झाडता पडून राहा. पाण्याखाली वस्तू आहे त्यापेक्षा जवळ दिसते. तुला तीन मीटर वाटले की प्रत्यक्षात चार असतात, तेव्हा चूक झाली तरी कासवाच्या फायद्याची. त्याने चरणं थांबवलं, तोंड फिरवलं, वेग वाढवला, तर तू जास्त जवळ गेलीस असं समज आणि मागे हो. कधी ते आपणहून तुझ्याकडे येईल. तेव्हा हात अंगाशी घे, बाकी काही करू नकोस.

देवळात शिरताना सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून तो कपाळाला लावायची आपली सवय. पाण्यातल्या कासवाला मात्र हात लावू नकोस. गीतेतल्या उपमेतलं कासव तरी अवयव आत ओढून घेतं. समुद्री कासवाला तेही जमत नाही, त्याचं डोकं आणि वल्ह्यासारखे पाय कवचात मावत नाहीत. पळणं एवढंच त्याच्या हाती. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना घेऊन कासवं जपण्याचं काम उभं केलं, तिथे पिल्लं सोडताना दोरी बांधून आपल्याला मागे उभं करतात. अगत्तीच्या पाण्यात दोरी कोण बांधणार?

प्रवाळाला मात्र आणखी जप. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये समुद्र तापून तिथलं प्रवाळ पांढरं पडलं, बरंचसं मेलं. जे उरलंय ते नवख्यांच्या पायाखाली मोडतं. मास्कमध्ये पाणी शिरलं की माणूस घाबरतो आणि पाय टेकायला जातो. ते पुण्यातच तरणतलावात शिकून घे: मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, मान थोडी वर करायची आणि नाकाने जोरात फुंकायचं, पाणी खालून निघून जातं. लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाल, म्हणजे क्रीमचे थर लागणार नाहीत. ऑक्सिबेन्झोन असलेली सनस्क्रीन विकायला हवाई राज्याने २०२१ पासून बंदी घातली, ती प्रवाळासाठीच.

पैसे मोजलेत म्हणून कासव दिसलंच पाहिजे असा हट्ट गाइडकडे धरू नकोस. मालवणला मासे जमावेत म्हणून पाण्यात पाव टाकतात. टाकणाऱ्यापेक्षा मला टाळ्या वाजवणाऱ्यांचा राग येतो. कुणी कासव धरून फोटोसाठी पुढे केलं तर स्पष्ट नाही म्हण. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात ते आहे, त्याला पकडणं गुन्हा आहे.

आणखी एक. तिथले मच्छीमार कासवांवर खूश असतील असं गृहीत धरू नकोस. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी अगत्तीत पाहिलं की कासवांची संख्या वाढली, त्यांनी कुरणं खुरटी करून टाकली आणि गवताच्या आसऱ्याने वाढणारे मासेही घटले. कासवांमुळे मासळी कमी झाली ही तिथल्या लोकांची तक्रार हवेतली नाही. चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने त्यांना कासवप्रेम शिकवू नये. कुणी बोलायला बसला तर ऐकून घे. तुझ्या सहलीत बहुधा तेच सगळ्यात मोलाचं ठरेल.

आमच्या यशवंतपुराला लागूनच भारतीय विज्ञान संस्था आहे. तिथे कासवांवर काम करणारे कार्तिक शंकर यांचं ‘फ्रॉम सूप टू सुपरस्टार’ कुरियरने पाठवलंय. १९७० च्या दशकात ओडिशाच्या किनाऱ्यावरची कासवं आगगाडीने कोलकात्याच्या बाजारात जात, तिथपासूनची हकिगत त्यात आहे. विमानात झोपू नकोस, वाच.

आणि तुझ्या चष्म्याचा नंबर लगेच कळव. नंबरची काच बसवलेला मास्क इथे मिळतो का ते बघते. धूसर दिसलं तर तू नीट पाहायला म्हणून पुढे पुढे सरकशील, आणि मग वरचं सगळं लिहिणं फुकट.

तुझी,
मावशी