संगणकास डिस्क दिसेना तेव्हा

संघाच्या कार्यवाहांनी ह्या स्मरणिकेसाठी व्यापारोपयोगी असे काही लिहावे, अशी सूचना केली तेव्हा धान्याच्या साठवणुकीविषयी लिहावे असा आमचा प्रथम विचार होता. परंतु विंडोज बदलण्याच्या गडबडीत बंधुवर्गापैकी अनेकांनी आम्हास एकच अडचण विचारली, आणि तीच आमच्या रविवार पेठेतील पेढीवरही उद्भवली होती; सबब त्याच विषयावर लिहीत आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संगणकविद्येचे आम्ही अधिकारी नव्हे. जे लिहिले आहे ते आमच्या नातवाच्या शेजारी बसून, प्रत्येक पायरी स्वतः करून पाहून लिहिले आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ह्या प्रणालीस मिळणारा नियमित आधार संपला. पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नसल्यामुळे पेढ्यापेढ्यांतून नवे संगणक आले. काटकसर म्हणून आम्ही प्रणाली न घातलेला लॅपटॉप घेतला व विंडोज वेगळी विकत घेऊन पेनड्राइव्हवरून बसविण्यास आरंभ केला. दोनचार पाने सुरळीत गेली. पुढे, विंडोज कोणत्या डिस्कवर बसवावयाची असे विचारणाऱ्या पानावर येऊन पाहतो तो यादी रिकामी! एकही ड्राइव्ह सापडली नाही, ड्रायव्हर हवा असल्यास ‘लोड ड्रायव्हर’ दाबावे, एवढीच काय ती सूचना.

बोलावलेल्या कारागिराने डिस्क मेली असल्याचा निकाल उभ्याउभ्याच दिला व नव्या डिस्कचा भाव सांगितला. आता, पोत्यातून मूठभर नमुना काढून हातावर घेतल्यावाचून माल नासका म्हणण्याची सवय आम्हास नाही. आम्ही त्यास चहा पाजून परत पाठविले.

अशा प्रसंगी पहिला प्रश्न एकच विचारावा: बायोसला डिस्क दिसते काय? यंत्र सुरू होताच एफ२ किंवा डिलीट ह्यांपैकी यंत्राच्या जातीप्रमाणे जी कळ असेल ती दाबली असता बायोसचे पान उघडते. विंडोज अस्तित्वात येण्यापूर्वीच यंत्राची स्वतःची ही मोजदाद झालेली असते. तेथे डिस्कचे नाव व आकार दिसत असेल, तर डिस्क बहुधा धडधाकट आहे व दोष प्रणालीच्या समजुतीत आहे. तेथेही नसेल, तर मात्र प्रश्न पदार्थाचा आहे. ह्या एका प्रश्नाने अर्धे काम होते; तो न विचारल्यामुळेच लोकांचे पैसे जातात.

बायोसलाच डिस्क दिसत नसेल तर वीज पूर्ण बंद करून पेटी उघडावी. मेजावरच्या संगणकात साटा जातीच्या डिस्कला दोन केबली लागतात, एक विजेची व एक माहितीची. माहितीची केबल सैल होणे अगर आतून तुटणे हे फार वेळा घडते. ती बदलून, दुसऱ्या खाचेत लावून पाहावी. अलीकडच्या एम.२ नावाच्या पट्टीसारख्या डिस्कचा प्रकार निराळा आहे. तिच्यात साटा व एनव्हीएमई अशा दोन जाती असून आकार सारखाच असतो. पण काही खाचा एकच जात स्वीकारतात. पट्टी नीट बसते, स्क्रूही लागतो, आणि तरी यंत्र तिला ओळखत नाही. खरेदीपूर्वी मदरबोर्डची पुस्तिका पाहावी, हे बरे. आणखी एक गंमत अशी, की काही मदरबोर्डांवर एम.२ खाच भरली की साटाची एकदोन दारे आपोआप बंद होतात. नवी डिस्क घातली म्हणून जुनी दिसेनाशी झाली अशी तक्रार त्यातूनच येते. इतके करूनही दिसत नसेल तर डिस्क दुसऱ्या यंत्रात लावून पाहावी. तेथेही मुकी राहिली तरच तिला मृत समजावे.

आमच्या बायोसला डिस्क स्वच्छ दिसत होती. म्हणजे प्रश्न दुसरा.

ड्रायव्हर म्हणजे प्रणाली व यंत्राचा भाग ह्यांच्यामधील दुभाषी. सन २०२० मध्ये बाजारात आलेल्या इंटेलच्या ११ व्या पिढीपासून अनेक लॅपटॉपांत डिस्क थेट प्रणालीस न भेटता व्हीएमडी नामक नियंत्रकाच्या आडून भेटते. हा नियंत्रक म्हणजे गोदामाचा मुकादम समजावा. आतल्या मालाची चौकशी त्याच्यामार्फतच व्हावयाची. पुष्कळ यंत्रांवर विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये ह्या मुकादमाची भाषा जाणणारा दुभाषी नसतो; म्हणून कोठार भरलेले असूनही यादी कोरी येते. हा प्रकार अगदी नवा नव्हे. विंडोज एक्सपीच्या काळी एफ६ कळ दाबून फ्लॉपीवरून असाच ड्रायव्हर द्यावा लागे.

उपाय दोन आहेत. पहिला, यंत्राच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपला मॉडेल क्रमांक घालून ‘स्टोरेज’ ह्या सदरातील इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्यावा. तो आपल्या प्रोसेसरच्या पिढीचाच हवा. पुष्कळदा तो एकाच बंद फाइलीच्या रूपाने मिळतो व तशीच ती पेनड्राइव्हवर ठेवल्यास काही उपयोग होत नाही. दुसऱ्या संगणकावर ती सोडवून, आत ‘आयएनएफ’ शेपटाची फाइल असलेला फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावा लागतो. आम्ही दोन दुपारी ह्याच चुकीत घालविल्या. मग ‘लोड ड्रायव्हर’ दाबून त्या फोल्डरकडे बोट दाखविले, आणि क्षणार्धात ‘ड्राइव्ह शून्य, न वाटलेली जागा’ अशी ओळ उमटली. नातवाने टाळी वाजविली; आम्हासही वाजवावीशी वाटली, पण गिऱ्हाईक समोर होते.

दुसरा उपाय बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा. कोऱ्या यंत्रावर तो सोपा व निर्धोक आहे. परंतु ज्या यंत्रावर आधीची विंडोज चालू आहे तेथे हा बदल केल्यास ती बहुधा उघडत नाही. शिवाय बिटलॉकरचे कुलूप असल्यास ४८ अंकी किल्ली मागितली जाते. नव्या यंत्रांवर हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असणे संभवते; किल्ली आधी शोधून कागदावर लिहून ठेवल्यावाचून बायोसला हात लावू नये.

‘मीडिया ड्रायव्हर’ नाही असा संदेश आल्यास मात्र बहुधा दोष पेनड्राइव्हचा अगर त्याच्या दाराचा असतो. दार बदलावे, नाही तर पेनड्राइव्ह नव्याने तयार करावा.

आता जे सांगावयाचे, त्यासाठीच हा लेख लिहिण्याचे आम्ही विशेष मनावर घेतले. आमच्या एका व्याह्यांच्या पेढीवर असेच नवे यंत्र आले. जुन्या संगणकातील हिशेब एक टेराबाइटच्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले होते व ती डिस्क नव्या लॅपटॉपला जोडलेलीच राहिली. आतली नवी डिस्कही एक टेराबाइटचीच. व्हीएमडीमुळे आतली डिस्क यादीत आली नाही. बाहेरची मात्र आली, कारण यूएसबीची डिस्क त्या मुकादमाच्या हाताखाली नसते. यादीत एकच डिस्क, आकार ९३१ जीबी. कारागिराने तीच नवी समजून तिचे भाग पुसले, नवा भाग पाडला, फॉरमॅट केले. मग विंडोजने सांगितले, की यूएसबीने जोडलेल्या डिस्कवर आपण बसू शकत नाही. तोवर सात वर्षांच्या खातेवह्या गेल्या होत्या.

(एक टेराबाइट घेतले असता ९३१ का दिसते, असे पुष्कळजण विचारतात. ती तूट नव्हे. विकणारा हजाराने मोजतो व विंडोज १०२४ ने. गावोगावच्या मणांतला फरक ज्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकला आहे, त्यांस हे सांगणे न लगे.)

व्याह्यांनी त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू दिले नाही, हे एक शहाणपण केले. भाग पुसला तरी आतील मजकूर बहुधा लगेच नाहीसा होत नाही; वरून नवे लिहिले की मात्र तो जातो. जाणकाराकडून बराचसा मजकूर परत मिळाला. चालू वर्षाच्या उधारीचे पाच महिने मात्र हाती आले नाहीत. ते घरच्या सुनेने बिलांच्या प्रतींवरून रात्री बसून पुन्हा भरले. महिन्याच्या २० तारखेस जीएसटीचे विवरण भरावयाचे होते. काही किरकोळ दुकानदारांनी आपण होऊन येऊन आपली बाकी सांगितली; काहींना ती आठवली नाही.

म्हणून विंडोज बसविताना ज्या डिस्कवर ती बसवावयाची ती एक व पेनड्राइव्ह, ह्यांखेरीज सर्व काही उपटून ठेवावे. काळ्या पडद्यावर ‘डिस्कपार्ट’मध्ये ‘क्लीन’ हा शब्द लिहावयास कोणी सांगितल्यास हात आखडावा. तो शब्द विचारपूस न करता संपूर्ण डिस्कची वाटणी पुसतो. डिस्क दिसते पण एमबीआर म्हणून नाकारली जाते, अशा वेळी हा उपाय हमखास सुचविला जातो. डिस्क खरोखर कोरी असेल तर तो योग्यच आहे. आत काही असेल तर आधी त्याची नक्कल दुसरीकडे घ्यावी व ती उघडून पाहावी.

आमच्या पेढीच्या तिजोरीत आता दोन पेनड्राइव्ह आहेत, एक विंडोजचा व एक ड्रायव्हरचा. दुसऱ्यास मॉडेल क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्याने बांधली आहे, आणि बिटलॉकरची किल्ली रोजमेळाच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवली आहे.