जुन्या संगणकावरून ई-मेल



वाशी, नेरूळ किंवा बेलापूर येथील एखाद्या घराच्या माळ्यावर, अथवा शाळेच्या अडगळीच्या खोलीत, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा एखादा संगणक धूळ खात पडलेला तुम्ही पाहिला असेल. याच नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने ऐरोली, रबाळे, महापे या भागात आज माहिती साठविणारी प्रचंड केंद्रे उभी आहेत. जगभरची असंख्य पत्रे अशा केंद्रांमधून ये-जा करीत असतात. माळ्यावरच्या त्या संगणकावर पत्र लिहून ते आजच्या इंटरनेटवरून पाठविता येईल काय?

"छे! तो फार मंद आहे," असे उत्तर बहुतेक जण देतील. परंतु हे कारण बरोबर नाही. ई-मेल पाठविण्यास तीन गोष्टी लागतात : दोन्ही बाजूंना कळणारी भाषा, संदेश जाण्याची वाट आणि मजकूर सुरक्षित ठेवणारे कुलूप. या तिन्ही कसोट्यांवर आपण जुन्या संगणकाला एकेक करून तपासू. मग तो नेमका कोठे अडतो, हे आपोआप कळेल.

पहिली कसोटी : भाषा

भारत सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाच्या प्रकल्पाखाली देशातील निवडक शाळांना बीबीसी मायक्रो जातीचे संगणक दिले होते. त्यांची स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट होती. आजच्या फोनने काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही. पण पत्राचे काय? इंग्रजी मजकुरातील एक अक्षर एका बाइटमध्ये बसते. 'ए' या रोमन अक्षराचा क्रमांक ६५, 'बी'चा ६६, असे अक्षरांचे क्रमांक ठरलेले आहेत. तेव्हा २,००० अक्षरांच्या पत्राला २,००० बाइट पुरतात. हा झाला त्या तुटपुंज्या स्मृतीचा सुमारे सोळावा भाग!

पत्र पाठविताना दोन संगणकांत जे बोलणे होते, तेही साध्या शब्दांतच होते. त्याचे नियम १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यांचा गाभा आजही तोच आहे. पडद्यावर हे शब्द रोमन लिपीत असतात. आपण ते देवनागरीत लिहू :

टपालकेंद्र : २२० (मी तयार आहे)
संगणक : हेलो (आणि स्वतःचे नाव)
टपालकेंद्र : २५० (ठीक)
संगणक : मेल फ्रॉम (पाठविणाऱ्याचा पत्ता)
टपालकेंद्र : २५०
संगणक : आरसीपीटी टू (घेणाऱ्याचा पत्ता)
टपालकेंद्र : २५०
संगणक : डेटा
टपालकेंद्र : ३५४ (मजकूर सांगा)
संगणक : मजकूर, शेवटी एका ओळीवर फक्त एक टिंब
टपालकेंद्र : २५०
संगणक : क्विट
टपालकेंद्र : २२१ (बरे, येतो)

यात अवघड असे काय आहे? हे संभाषण माणूससुद्धा कळफलकावर टंकून करू शकतो. मग संगणकाला, तो कितीही जुना असला तरी, ते का जमू नये? पहिल्या कसोटीला तो उतरला.

मराठी पत्राची मात्र थोडी निराळी कथा आहे. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. 'नमस्ते' या शब्दात न, म, स, हलन्त, त आणि मात्रा अशी ६ चिन्हे आहेत. म्हणजे १८ बाइट झाले. मुळात टपालाचे नियम रोमन अक्षरांपुरतेच केलेले असल्याने अशा मजकुराचे बहुधा पुन्हा रोमन अक्षरांत रूपांतर करतात. एका पद्धतीत दर ३ बाइटांची ४ अक्षरे होतात. म्हणून 'नमस्ते' वाटेत २४ अक्षरांचे रूप घेऊन प्रवास करते. जुन्या संगणकाला ही चिन्हे ठाऊक नसल्यामुळे त्याच्या पडद्यावर अगम्य अक्षरांची रांग दिसेल. मराठी पत्र त्याच्यावरून जाऊ शकते, पण ते त्याला वाचून दाखविता येत नाही. ही अडचण त्या काळीही होतीच. ती दूर करण्यासाठी पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 'जिस्ट' हे कार्ड पुढे आणले. ते संगणकात बसविले की पडद्यावर भारतीय लिपी उमटत.

दुसरी कसोटी : वाट

दूरध्वनीची तार माणसाच्या बोलण्यासाठी होती. तीमधून साधारणपणे ३०० ते ३,४०० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी जात. संगणकाची भाषा तर ० आणि १ यांची! म्हणून मध्ये 'मॉडेम' नावाचे उपकरण ठेवीत. ते अंकांचे सुरांत आणि सुरांचे पुन्हा अंकांत रूपांतर करी. सेकंदास ३०० बिट पाठविणाऱ्या एका प्रमाणित पद्धतीत, दूरध्वनी लावणारा मॉडेम १ साठी ९८० हर्ट्झचा आणि ० साठी १,१८० हर्ट्झचा सूर काढी. पलीकडचा मॉडेम १,६५० आणि १,८५० हर्ट्झचे सूर वापरी. दोघांचे सूर निराळे असल्याने एकाच तारेवर दोघांना एकाच वेळी बोलता येई.

आता थोडे गणित करू. एका अक्षराचे ८ बिट, आरंभखुणेचा १ आणि शेवटच्या खुणेचा १, असे १० बिट धरा. सेकंदास ३०० बिट या वेगाने सेकंदात ३० अक्षरे जातील आणि आपले २,००० अक्षरांचे पत्र सुमारे ६७ सेकंदांत पोचेल. सेकंदास ९,६०० बिट या वेगाने तेच पत्र २ सेकंदांच्या आसपास जाईल. पण ३० लाख बाइटांचे छायाचित्र त्याच वाटेने पाठवाल, तर ३,१२५ सेकंद, म्हणजे सुमारे ५२ मिनिटे लागतील! मंद वाट पत्राला पुरते. ती पुरत नाही ती चित्राला.

आपल्याकडे ई-मेलची सुरुवात अशाच मंद वाटेने झाली. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हे शिक्षण व संशोधनासाठीचे जाळे हाती घेतले. १९८७ मध्ये मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात दूरध्वनीवरून ई-मेलची देवघेव होऊ लागली. एका संगणकाने दुसऱ्यास दूरध्वनी लावायचा, साठलेली पत्रे द्यायची, त्याच्याकडची घ्यायची आणि फोन ठेवायचा, अशी ही रीत होती. गावच्या थांब्यावर एसटी थांबते, टपालाची थैली उतरते, दुसरी चढते आणि गाडी पुढे निघते, तसेच हे. १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेशी सेकंदास ९,६०० बिट वेगाची कायमची वाट सुरू झाली. आजच्या घरगुती जोडणीशी तुलना केली तर ही वाट म्हणजे केवळ पायवाट. पण अनेक संस्थांची परदेशी पत्रे तिच्यावरून जात. त्या वेळी एनसीएसटीचे प्रमुख असलेले श्रीनिवासन रमणी यांचा २०१४ मध्ये 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश करून गौरव करण्यात आला. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. सी-डॅकचे एक आवार आज आपल्या नवी मुंबईतच, खारघर स्थानकाजवळ आहे.

सर्वसामान्य माणसासाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या दिवशी विदेश संचार निगमाने ही सेवा सुरू केली. तिच्यात 'शेल' खाते नावाचा स्वस्त प्रकार होता, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. या खात्यात घरचा संगणक इंटरनेटशी स्वतः बोलतच नसे. तो दूरध्वनीवरून निगमाच्या मोठ्या संगणकाशी जोडला जाई. तुम्ही टंकलेली अक्षरे तिकडे जात, तिकडून आलेली अक्षरे तुमच्या पडद्यावर उमटत. पत्र घेणे, ठेवणे, पाठविणे ही सारी कामे मोठा संगणक करी. घरचा संगणक म्हणजे केवळ कळफलक आणि पडदा. अशा संगणकाला 'टर्मिनल' म्हणतात. त्यामुळे त्या वेळीच जुनापुराणा झालेला, ६४० किलोबाइट स्मृतीचा पीसी-एक्सटीसुद्धा या कामास चाले.

तिसरी कसोटी : कुलूप

खरी अडचण येथे आहे. पूर्वी पत्राचा मजकूर आणि तुमचा परवलीचा शब्द, दोन्ही तारेवरून उघडे जात. वाटेत कोणी कान लावला, तर त्यास सारे वाचता येई. पोस्टकार्ड जसे कोणीही वाचू शकतो, तसेच. म्हणून आज टपालकेंद्राशी बोलण्यापूर्वी दोन्ही बाजू मोठमोठ्या संख्यांच्या गणिताने एक गुप्त किल्ली ठरवितात व मगच बोलणे सुरू करतात. यातील संख्या किती मोठ्या असतात? २,०४८ बिटांची संख्या दशमान पद्धतीत लिहिली, तर ६१७ अंकी होते. बीबीसी मायक्रोमधील ६५०२ या प्रोसेसरला तर गुणाकाराची आज्ञाच नाही. तो बेरीज आणि सरकवणे यांतून गुणाकार साधतो, तेही एका वेळी ८ बिट घेऊन. त्याचे गणित पुरे होईपर्यंत पलीकडचे केंद्र कंटाळून बोलणे बंद करील.

पीसीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. कुलपाबरोबर येणाऱ्या ओळखपत्रावर मुदतीच्या तारखा असतात. जुन्या पीसीतील घड्याळाचा सेल संपलेला असला, की त्याचा दिनांक बहुधा १ जानेवारी १९८० वर जातो. मग आजचे ओळखपत्र त्याला 'अजून लागू न झालेले' वाटते! शिवाय कुलपेही बदलतात. जुन्या कुलपांत दोष आढळल्यामुळे त्यांच्या दोन आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या. १९९० च्या दशकातील संगणकाकडे नव्या कुलपाची किल्ली असणार कोठून?

"मग कुलूपच नको," असे कोणी सुचवील. तो मोह टाळा. कुलपाशिवाय पाठविलेला तुमचा परवलीचा शब्द वाटेतल्या कोणालाही उचलता येतो, आणि तोच शब्द तुम्ही इतरत्रही वापरीत असाल, तर ती दारेही उघडी पडतात. जुन्या यंत्राच्या हौसेपायी एवढी किंमत देऊ नये.

उपाय : मध्यस्थ

उपाय १९९५ च्या शेल खात्यातच दडलेला आहे. विदेश संचार निगमाच्या मोठ्या संगणकाचे काम आज हातावर मावणारा छोटा संगणक करू शकतो. २०१२ पासून मिळू लागलेला रास्पबेरी पाय, किंवा लिनक्स घातलेला साधा लॅपटॉप यास चालेल. जुना संगणक त्याला तारेने जोडावयाचा. जुन्याने अक्षरे टंकून द्यायची आणि दाखवायची. नव्याने कुलूप सांभाळायचे व पत्र रवाना करायचे.

जोडणी शिक्षकांच्या देखरेखीखाली अशी करा :

१. जुन्या पीसीच्या मागे ९ किंवा २५ टाचण्यांचे 'सिरियल' जोडस्थान असते. ९ टाचण्यांच्या जोडस्थानात २ क्रमांकाची टाचणी ऐकते, ३ क्रमांकाची बोलते आणि ५ क्रमांकाची भूमी असते. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाला लागले पाहिजे, म्हणून २ आणि ३ यांच्या तारा उलटसुलट असलेली केबल घ्या. तिला 'नल मॉडेम' केबल म्हणतात.

२. या जोडस्थानावर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ०. रास्पबेरी पायच्या टाचण्या मात्र ३.३ व्होल्टच सोसतात. तार थेट जोडली तर तो जळेल. म्हणून यूएसबी ते सिरियल परिवर्तक मध्ये ठेवा.

३. दोन्हीकडे वेग सारखा, म्हणजे ९,६०० ठेवा. जुन्या पीसीवर 'कर्मिट'सारखा टर्मिनल कार्यक्रम चालवा. नव्यावर 'अल्पाइन' किंवा 'मट'सारखा, केवळ अक्षरे दाखविणारा टपाल कार्यक्रम ठेवा.

४. परवलीचा शब्द नव्या संगणकातच साठवा, म्हणजे तो उघड्या तारेवरून जाणार नाही.

जुन्या संगणकाची किंवा पडद्याची पेटी स्वतः उघडू नका. पडद्याच्या काचनळीला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

"मग पत्र जुन्या संगणकाने पाठविले असे म्हणावे काय?" असा प्रश्न तुम्ही विचाराल. उलट आपणच विचारू : १९९५ मधले पत्र तरी घरच्या संगणकाने एकट्याने कोठे पाठविले होते? जाळ्यातील प्रत्येक यंत्र दुसऱ्याच्या मदतीवरच उभे असते. यंत्र निकामी होते ते बहुधा मंद झाल्यामुळे नव्हे, तर त्याच्याशी बोलणारे कोणी उरत नाही म्हणून.

याच तारेचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो अधिक निकडीचा आहे. जुन्या फ्लॉपीवर शाळेचे हस्तलिखित, आजोबांची पत्रे किंवा एखादा हिशेब पडून असेल. फ्लॉपीवरील चुंबकीय खुणा काळाने क्षीण होतात आणि ती वाचणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. जुना संगणक चालू आहे तोवर कर्मिटने हा मजकूर नव्या संगणकात उतरवून घ्या. यंत्र भंगारात देण्याची घाई त्याआधी करू नका. आणि द्यायचेच झाले, तर त्यातील शिशासारखे घातक पदार्थ मातीत जाऊ नयेत म्हणून ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे द्या.

करून पाहा

१. देवनागरीतील २,००० चिन्हांचे पत्र वरीलप्रमाणे रूपांतरित केल्यास किती अक्षरांचे होईल? ९,६०० च्या वेगाने ते पाठविण्यास किती वेळ लागेल?

२. वर्गात दोघांनी संगणक व टपालकेंद्र व्हावे आणि वरील संभाषण चिठ्ठ्यांवर लिहून करावे. टिंबाची ओळ विसरली, तर काय होते ते पाहा.

३. मजकुरातच एका ओळीवर फक्त एक टिंब हवे असेल, तर टपालकेंद्राची फसगत होऊ नये म्हणून कोणता नियम करावा? आधी स्वतः सुचवा, मग शिक्षकांशी चर्चा करा.