गोळी सुटल्यानंतरचं दुखणं

स्टेरॉइड सुरू होतं तेव्हा सगळे धीर देतात. ते सुटताना काय होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. मला पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका झाला होता, डॉक्टरांच्या बोलीत पीएमआर. पन्नाशीनंतर गाठणारा आणि बायकांना जास्त होणारा दाहाचा आजार हा. खांदे, मान, कंबर, मांड्या सकाळी जखडून टाकतो. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने दोन-तीन दिवसांत हात वर जायला लागले. नंतर महिनोन्‌महिने डोस उतरवत आणला आणि गोळी बंद झाली. पुढचं जयपूरमध्ये माझी मी शिकले.

१. दुखलं की आजार परतला, असं लगेच धरू नये. गोळी कमी झाल्यावरचं दुखणं तीन तऱ्हांचं असू शकतं. पहिली तऱ्हा स्टेरॉइड सुटण्याची: डोस उतरला की थोड्याच दिवसांत अंग मोडून येतं, सांधे ठणकतात, मन उदास होतं, पण हे सगळीकडे असतं आणि हळूहळू ओसरतं. दुसरी तऱ्हा आजाराचीच. ती ठरलेल्या जागा धरते आणि दिवसागणिक वाढते. माझी खूण ब्लाउजच्या हुकाची होती. आंघोळीनंतर मागचा हुक लावताना कोपर कुठे अडतं, ते मी रोज पाहायचे. अंग ठणकत असूनही हुक लागला तर वाट पाहायची. हात मागे जाईनासा झाला आणि कुशीवर वळताना पलंगाची कड धरावी लागली, की ईएसआर-सीआरपी या दाह मोजणाऱ्या रक्तचाचण्या करून डॉक्टरांना फोन. तिसरी तऱ्हा सर्वांत कमी ओळखली जाते, म्हणून ती वेगळी सांगते.

२. थकव्याला आळस म्हणू नका. हीच ती तिसरी तऱ्हा. आपल्या मूत्रपिंडांवर ॲड्रिनल ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसोल तयार करतात. साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. बाहेरून आयतं मिळत राहिलं की मेंदू त्यांना निरोप पाठवणं थांबवतो आणि त्या निजतात. गोळी सुटल्यावर त्यांना जागं व्हायला काही आठवडे, कधी वर्षभरही लागतं. तोवर उभं राहताना चक्कर, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, वजन उतरणं हे होऊ शकतं. सीआरपी चांगलं आलं म्हणून हे सोडून देऊ नये. याची चौकशी सकाळी आठच्या सुमाराला घेतलेल्या रक्तातल्या कॉर्टिसोलवरून सुरू होते. गोळी चालू असेल तर ती आदल्या दिवसापासून घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना आधी विचारावं. जानेवारीतल्या जयपूरच्या थंडीत पहाटे गरम पांघरुणातून निघवत नाही, पण दुपारच्या रक्ताला इथे फारसा अर्थ नसतो.

३. शेवटचे ५ मिलिग्रॅम सर्वांत सावकाश. २० वरून १५ वर येणं सोपं गेलं. खाली मात्र दर पायरीला शरीर कुरकुरतं, कारण तिथून ग्रंथींना स्वतःचं काम उचलायचं असतं. दहाच्या खाली महिन्याला एकेक मिलिग्रॅम ही सर्वसाधारण चाल. एका पायरीवर थांबावं लागलं तर त्यात कमीपणा नाही.

४. जयपूरचा उन्हाळा आणि आजारपण यांची तयारी आधी ठेवावी. मे-जूनमध्ये लू चालते, पोट बिघडतं, अंगातलं पाणी जातं. निरोगी शरीर ताप आला की जास्त कॉर्टिसोल सोडतं. आपल्याला ते जमेलच असं नाही. म्हणून तापात किती गोळी घ्यायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. गोळी पोटात ठरेना इतक्या उलट्या झाल्या, तर घरी थांबू नये. दवाखान्यात हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागू शकतं. माझ्या पर्समध्ये हिंदीत लिहिलेला कागद असतो: कोणतं स्टेरॉइड, केव्हापासून, केव्हा बंद. दात काढण्याआधीही तो दाखवते.

५. पुड्यांपासून लांब राहावं. दुखणं रेंगाळलं की कुणीतरी ‘देसी’ पुडी सुचवतंच. शेजारच्या बाई मायेने म्हणाल्या, “भाभीजी, दो दिन में आराम आ जाएगा.” दोन दिवसांतला आरामच मला खटकला. नाव-गाव नसलेल्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याचे प्रकार आपल्या देशात वारंवार नोंदले गेले आहेत. इतक्या कष्टाने सोडलेलं औषध, डोस ठाऊक नसताना, मागच्या दाराने परत कशाला घ्यायचं?

औषधाला मात्र मी बोल लावत नाही. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. औषध थांबलं की दुखणं उलटतं, हेही त्याच काळात दिसलं होतं. आपण अनुभवतो ते नवं नाही, आणि मनाचे खेळ तर मुळीच नाहीत.

६. एका बाबतीत वाट पाहूच नये. पीएमआरच्या काही रुग्णांना डोक्याच्या रक्तवाहिन्यांचा दाह होतो. नव्याने डोकं ठणकणं, केस विंचरताना टाळू दुखणं, घास चावताना जबडा भरून येणं, दृष्टी अंधुक होणं किंवा एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं, रात्र असली तरी. उशिराने गेलेली नजर बहुधा परत येत नाही.

७. घरच्यांना काय हवंय ते नेमकं सांगावं. गोळीने आलेली चेहऱ्यावरची सूज उतरली की सगळ्यांना वाटतं, झाली बरी. मी यांना सांगितलं, “अहो, सकाळचा चहा तुम्ही करा आणि दहापर्यंत मला काही विचारू नका.” त्यांनी ते पाळलं. भाजी निवडणं, बँक, पाहुणे, सगळं दहानंतर. संध्याकाळी मी सेंट्रल पार्कमध्ये चालते. दमायच्या आत थांबते, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येतं. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, म्हणून डेक्सा तपासणी करून घेतली. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व चालू आहे, पुढची तपासणी कधी करायची ते डॉक्टर सांगतील.